पदक कोणाचे, गीत कोणाचे?



क्रीडासमारंभातील राष्ट्रगीत हा विषय आम्हां युनियनवाल्यांकडे कसा, असे आपणांस वाटले असेल. आम्ही गायनशास्त्र शिकलेलो नाही. जे थोडे वाचले, ते दिवसाचे काम आटोपून. पण कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा हिशेब आम्हांला दुरूनही ओळखता येतो. तो राष्ट्रगीताच्या सुरांतही कधी कधी दडलेला असतो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ऑलिंपिकची रीत आपण जाणता. ध्वज पहिल्या तिघांचे चढतात, पण गीत वाजते ते एकट्या विजेत्याच्या देशाचे. १९५२ साली हेलसिंकीला आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. त्या गटात पहिला आला जपानचा शोहाची इशी. तेव्हा गीताचा मान जपानचा. त्यात खाशाबांचा काही कमीपणा झाला नाही. घाम इशीचा, गीतही त्याच्याच देशाचे. हिशेब चोख होता. खाशाबा परतले तेव्हा त्यांच्या माणसांनी बैलगाड्या जोडून मिरवणूक काढली.

आता सोळा वर्षे मागे चला. ९ ऑगस्ट १९३६, बर्लिन. मॅरेथॉनची शर्यत २ तास २९ मिनिटे १९ सेकंदांत जिंकली सोन की-जोंग या कोरियन तरुणाने. पण कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात. म्हणून छातीवर जपानचे चिन्ह, नोंदीत जपानी वळणाचे नाव, आणि विजयाच्या क्षणी कानांवर जपानचे गीत! तिसरा आलेला नाम सुंग-योंग हाही कोरियनच. दोघेही मान खाली घालून उभे राहिले. विजेता म्हणून सोनला ओकचे रोपटे मिळाले होते. ते छातीशी धरून त्याने चिन्ह झाकले. आपल्याला सोनच्या सुवर्णपदकाचा नव्हे, त्या रोपट्याचा हेवा वाटला, असे नामने पुढे सांगितले.

तिकडे सोलच्या 'दोंग-आ इल्बो' या वृत्तपत्रातील माणसांनी फोटो छापताना सोनच्या छातीवरचे चिन्ह पुसून टाकले. त्यांना अटक झाली, पत्र कित्येक महिने बंद पडले. एवढ्याशा ठिपक्याची किंमत त्या नोकरदार माणसांनी भरली, हे आपण विसरू नये.

कोणी म्हणतील, खेळात राजकारण कशाला? आम्ही विचारतो, ते आणले कोणी? मान खाली घालणाऱ्याने, की परक्याच्या घामावर आपले गीत वाजविणाऱ्याने?

पुढे १९९२ साली, त्याच ९ ऑगस्टला, बार्सिलोनाची मॅरेथॉन दक्षिण कोरियाच्या ह्वांग यंग-जोने जिंकली. दुसरा आला जपानचा मोरिशिता. वृद्ध सोन तेथे हजर होते. या वेळी गीत कोरियाचे वाजले, आणि त्यात मोरिशिताचाही अपमान नव्हता.

मात्र १९३६ चे ते सुवर्णपदक ऑलिंपिकच्या यादीत आजही जपानच्याच खात्यावर आहे. हजेरी एकाची आणि पगार दुसऱ्याच्या नावे पडला, तर आम्ही कारखान्याच्या फाटकावर उभे राहतो. मग हेही विचारले पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. गीत वाजेल तेव्हा जरूर उभे राहावे. पण ज्याने घाम गाळला, त्याची मान ताठ आहे की खाली, इकडेही पाहावे.