उरणच्या भट्ट्या आणि मोहाचं फूल

पेठला एस.टी.ची वाट पाहत असताना डोंगराकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं होतं, "झाडाखाली पडलेलं फूल वेचणं गुन्हा कसा हो?"

उत्तर शोधत गेलो तो थेट उरणला पोचलो. एकोणिसाव्या शतकात तिथे पारशी मालकांच्या मोठ्या भट्ट्या होत्या. गुजरातेतून मोहाची सुकी फुलं यायची. ती भिजवायची, आंबवायची, दारू गाळायची नि मुंबईला धाडायची. स्कॉटलंडात सातू, इथे फूल, रीत तीच. सरकारला त्यावर कर मिळे. मग रानातली घरगुती भट्टी सरकारला कशी खपणार? १८७८ मध्ये अबकारी कायदा आला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाब्यात फूल वेचण्यावरच बंधन आलं. टंचाईत हेच फूल गरिबाच्या पोटाला आधार असे, तरीही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मोहफुलांवरचे निर्बंध आपल्याकडेही आले.

उरणच्या भट्ट्या गेल्या. १९८३ मध्ये बंद पडलेली स्कॉटलंडची पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. शौकिनांनी तिच्या बाटल्या जपल्या होत्या. उरणची बाटली कोण जपणार? महाराष्ट्रात फुलं वेचण्यावरचे निर्बंध उठले ते २०२१ मध्ये. ते बाबा मात्र मला पुन्हा भेटले नाहीत.