कायदा हजेरीपत्रकात उतरला पाहिजे

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे, 'एच.आर. विभागातील कर्मचाऱ्यांना कामगार कायद्याचे प्रशिक्षण'. कोणी म्हणेल, हा विषय कंपनीच्या वातानुकूलित हॉलमधला, विहारात याचे काय काम? तर आपल्या घराघरांत बघा. आपले वडील, आजोबा टाइम ऑफिसच्या खिडकीबाहेर उभे राहिले. कोणी गिरणीत, कोणी नगरपालिकेत, कोणी ठेकेदाराकडे. आज त्यांची मुले-मुली शिकून त्याच खिडकीच्या आत बसली आहेत. कोणी एच.आर. असिस्टंट आहे, कोणी पगारपत्रक करतो, कोणी ठेकेदाराची बिले तपासते. खिडकीच्या आतला माणूस कायदा जाणतो की नाही, यावर बाहेरच्या माणसाचा संसार अवलंबून असतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, तिचे विधेयक त्यांच्याच खात्याचे. पण विचार करा, दिल्लीत ४८ तास मंजूर झाले आणि कारखान्यातल्या कारकुनाने वहीत ४८ लिहून माणसाला ५४ तास राबवले, तर त्या कायद्याचा उपयोग काय? कायदा राजपत्रात छापून येतो, पण कामगाराला तो भेटतो हजेरीपत्रकात आणि पगाराच्या चिठ्ठीत. ते दोन्ही कागद एच.आर.च्या हातात असतात.

आता या क्षणी प्रशिक्षणाची गरज जास्त का आहे, ते सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहिता २०१९ सालची, बाकीच्या तीन २०२० सालच्या : औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य. जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. म्हणजे ज्यांनी वीस वर्षे किमान वेतन कायदा, बोनस कायदा, ग्रॅच्युइटी कायदा पाठ केला, त्यांनाही नव्याने पाटी घेऊन बसावे लागणार. "आमच्याकडे पहिल्यापासून असेच चालते" हे उत्तर आता चालणार नाही.

प्रशिक्षण म्हटले की बहुतेक ठिकाणी काय होते? एक वकील येतात, पडद्यावर कलमे दाखवतात, चहा-बिस्किटे होतात, सह्या होतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी टेबलावर तोच जुना फॉर्म. असे प्रशिक्षण फाइलीत लावायला बरे. खरे प्रशिक्षण एका माणसाच्या एका कागदापासून सुरू करावे. मी तुम्हाला तसेच करून दाखवतो.

पहिला कागद, पगाराची चिठ्ठी. समजा एकूण पगार ४०,००० रुपये. त्यात मूळ वेतन १२,००० आणि घरभाडे व प्रवासभत्ता मिळून २८,०००. मूळ वेतन असे बारीक का ठेवतात? कारण ग्रॅच्युइटी भत्त्यांवर मिळत नाही. नव्या व्याख्येप्रमाणे असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. निम्मे म्हणजे २०,०००. भत्ते २८,०००. वरचे ८,००० वेतनात आले, म्हणजे वेतन झाले २०,०००. आता दहा वर्षांची ग्रॅच्युइटी काढा. वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले १०. बारा हजारांवर येतात ६९,२३१ रुपये. वीस हजारांवर येतात १,१५,३८५. फरक ४६,००० रुपयांच्या वर. एका कारकुनाने जुनी व्याख्या लावली, तर एका कुटुंबाच्या हातचे एवढे पैसे गेले, आणि कुटुंबाला कळणारसुद्धा नाही.

दुसरा कागद, नोकरी सोडतानाचा हिशेब. कामगाराने राजीनामा दिला किंवा त्याला काढले, तर त्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे, असे वेतन संहिता सांगते. आणि आपल्याकडे पद्धत काय? "पुढच्या महिन्यात या, अकाउंटवाले साहेब रजेवर आहेत." तिकडे त्या माणसाचे घरभाडे थांबत नाही. प्रशिक्षणात विचारले पाहिजे की सोमवारी राजीनामा मंजूर झाला, तर मंगळवारी कोणी काय करायचे? स्टोअरचा दाखला कोणी आणायचा? ही साखळी आधी बांधली नसेल, तर कायदा माहीत असूनही पाळला जात नाही.

तिसरा कागद, नेमणूक पत्र. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूक पत्र देणे आता बंधनकारक आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एक वर्ष पूर्ण झाल्यावर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, पाच वर्षांची अट त्याला नाही. नेमणूक पत्रात मुदतच धड लिहिली नसेल, तर तो हक्क मागणार कशाच्या आधारावर?

चौथी गोष्ट ठेकेदाराच्या माणसांची. झाडू मारणारी बाई, गेटवरचा वॉचमन, माल उतरवणारा पोरगा. एच.आर.मधले पुष्कळ जण म्हणतात, "ते आमचे नाहीत, ठेकेदाराचे आहेत." चूक. ठेकेदाराने पगार दिला नाही, तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. म्हणून ठेकेदाराचे बिल पास करण्यापूर्वी पगार बँकेत जमा झाला का आणि पी.एफ., ई.एस.आय.चे चलन त्याच माणसांच्या नावाचे आहे का, हे ताडून बघायला शिकवले पाहिजे. चलनावर तीस नावे आणि गेटच्या वहीत चाळीस, तर ती दहा माणसे कोण?

याच बिलांमध्ये एक बिल फार जपून बघायचे असते. गटार किंवा सेप्टिक टँक सफाईचे. हाताने मैला सफाईला बंदी घालणारा २०१३ सालचा कायदा आहे. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे, पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली होती, ती २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने तीस लाख केली. पण भरपाई म्हणजे माणूस नव्हे. या कामात कोणाच्या घरचे तरुण जातात, हे या सभागृहात मी सांगायला नको. "टाकी सफाई, मजूर दोन" असे कोटेशन टेबलावर आले, तर प्रशिक्षित कर्मचारी पहिला प्रश्न विचारेल, "मशीन कुठे आहे?" त्या एका प्रश्नाने दोन जीव वाचतात.

भगिनींनो, पाचवी गोष्ट तुमची. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा २०१३ चा. त्याच्या मागे १९९७ चा विशाखा निकाल आहे. हा कायदा नव्या संहितांत विलीन झालेला नाही, स्वतंत्रपणे लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार साधारण तीन महिन्यांत द्यायची, चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा आणि समितीच्या सदस्यांचे प्रशिक्षण ही या कायद्याने मालकावर टाकलेली सक्ती आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील, मालकाविरुद्धच तक्रार असेल किंवा तुम्ही घरकाम करत असाल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हे घरी जाऊन शेजारणीला सांगा.

समिती अप्रशिक्षित असली की काय होते, त्याचे उदाहरण शेजारच्या गोव्यातले आहे. विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध २००९ साली विद्यार्थिनींच्या तक्रारी आल्या. समितीने घाईघाईने, एकामागून एक दिवस सुनावण्या उरकल्या, समोरच्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. चौदा वर्षे गेली! ज्यांनी धीर करून तक्रार केली, त्यांच्या पदरात काय पडले? त्याच निकालात न्यायालयाने समित्या नेमल्या आहेत का ते तपासायला आणि सदस्यांना प्रशिक्षण द्यायला सांगितले. नुसती तक्रारदाराबद्दल सहानुभूती पुरत नाही. नोटीस, उत्तर, साक्ष, नोंद ही पायरी-पायरीने करता आली पाहिजे, तरच न्याय टिकतो.

रात्रपाळीचेही तसेच. महिलांना आता सर्व प्रकारच्या कामांत, रात्रीही, त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर काम करता येते. पण चाळीस छापील अर्जांवर एका दुपारी घेतलेल्या चाळीस सह्या म्हणजे संमती नव्हे. "नाही" म्हणणारीची नोकरी शाबूत राहते का, हे बघायचे.

आता माझ्या तरुण मित्रांना अवघड प्रश्न. कायदा शिकलात, पण साहेब म्हणाले, "मागची तारीख टाक" तर? घरी हप्ते आहेत, नोकरी नवी आहे. मी तुम्हाला हुतात्मा व्हा असे सांगणार नाही. पण एक सवय लावून घ्या. तोंडी आदेशावर तोंडी वाद घालू नका, एका कागदावर दोन ओळींची टिपणी लिहा : नियम असा आहे, प्रस्तावित गोष्ट त्यात बसत नाही, कृपया लेखी निर्देश द्यावेत. पुष्कळदा साहेबांची घाई तिथेच थांबते. शिवाय साहेबांना त्यांच्याच फायद्याची भाषा सांगा. वेतन संहितेप्रमाणे देणे बाकी असल्याचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, कामगारावर नाही. खोटी वही मालकालाच बुडवते. हे नम्रपणे, आकड्यांसह सांगता येणे, हाही प्रशिक्षणाचा भाग आहे.

शेवटी एक सूचना करतो. विहाराच्या अभ्यासिकेत महिन्यातून एका रविवारी दोन तास ठेवा. खिडकीच्या आत बसणारे चार-पाच तरुण आपल्याकडे नक्की निघतील. वस्तीतल्या लोकांनी आपली पगाराची चिठ्ठी, पी.एफ.चे पासबुक, नेमणूक पत्र घेऊन यावे. तरुणांनी ते वाचून समजावून द्यावे. त्यांचा सराव होईल, आणि आपल्या माणसाला आपल्या हक्काचा आकडा कळेल. फी एकच : शिकलेले दुसऱ्या एकाला सांगायचे.