यंत्र नवें झालें, नोंदवही उघडेना

ठाणें जिल्ह्यांत भिवंडीजवळ पूर्णा म्हणून गांव आहे. तेथें आज गोदामांच्या रांगा दिसतात. त्यांपैकीं एका गोदामांत माझे एक स्नेही मालाची नोंद ठेवितात. एके सकाळीं त्यांचा फोन आला, "अहो, काल रात्रीं लिनक्सची उबुंटू प्रणाली २०.०४ वरून २२.०४ वर नेली. आतां नोंदवहीचें सॉफ्टवेअर उघडतच नाहीं. दारांत मालमोटारी उभ्या आहेत. सगळें पुसून पुन्हां घालूं का?"

"पुसूं नका," मीं म्हटलें. "आधीं नोंदींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, मग दुखणें शोधूं."

चित्रावर टिचकी मारली असतां मुकाट राहणारें सॉफ्टवेअर टर्मिनलांत नांवानें बोलाविलें, कीं आपलें दुखणें बहुधा स्वतःच सांगतें. येथेंही 'लिबएसएसएल १.१' ही लायब्ररी सांपडत नाहीं, अशा अर्थाची ओळ उमटली. 'एलडीडी' या आज्ञेनें लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी मागितली. तींतही तिच्याचपुढें 'नाहीं' असा शेरा होता.

कारण उघड होतें. एप्रिल २०२२ मध्यें निघालेल्या उबुंटू २२.०४ नें ओपनएसएसएलची १.१ मालिका सोडून ३.० स्वीकारली. आपल्या दप्तरीं नोंदलेल्या सॉफ्टवेअरची सोय प्रणाली पाहते. हें तर बाहेरून आणून ठेविलेलें. त्याची गरज तिला ठाऊक नव्हती, म्हणून जुनी लायब्ररी निरुपयोगी समजून काढली गेली. भिवंडीच्या मागवाल्यास हें समजावून सांगावयास नको. धोट्यांत त्याच्याच मापाची कांडी बसते. नवी कितीही चांगली असली, तरी माप निराळें म्हणजे माग अडतो.

स्नेही म्हणाले, "जुनी फाइल इंटरनेटवर कोठूनही मिळेल, ती बसवितों." मीं नको म्हटलें. जिच्यावर गुप्त संदेशवहनाची भिस्त, ती वस्तु अनोळखी हातून घेऊं नये, शिवाय १.१.१ ची सार्वजनिक देखभाल सप्टेंबर २०२३ मध्येंच संपली आहे. शेजारच्या संगणकावर अपडेट झालें नव्हतें. तेथें नोंदींची नक्कल उतरवून त्या दिवसाचें काम निभावलें, आणि दुपारीं मालमोटारी सुटल्या. पुढें निर्मात्याकडून नवी आवृत्ति आली.

अपडेट टाळूं नये. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या त्यांतूनच येतात. मात्र त्यापूर्वीं नोंदींची नक्कल घ्यावी, बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरची यादी करावी, आणि दोन संगणक असल्यास आधीं एकावरच प्रयोग करावा. इतकें करूनही कांहीं अडलेंच, तर पुसावयास हात घालण्यापूर्वीं यंत्र काय म्हणतें, ती एक ओळ शांतपणें वाचावी.