मांड नसलेल्यांचा मांड



आजच्या परफॉर्मन्स कलेत देह, स्थान आणि आपलेपण यांचे काय नाते दिसते, यावर बोलावे असे मला सांगण्यात आले आहे. विषय चित्रकलेच्या महाविद्यालयात शोभेल असा आहे, आणि आपण इथे भाषेसाठी जमलो आहोत. म्हणून सुरुवात शब्दापासूनच करतो.

'परफॉर्मन्स'ला मराठीत काय म्हणायचे? 'प्रयोग' हा आपला जुना, घरचा शब्द. पण नाटकाचा पहिला प्रयोग होतो, पंचविसावा होतो, शंभरावा होतो. पुन्हा होणे हे आपल्या प्रयोगाच्या पोटातच आहे. ज्या कलेविषयी मी बोलणार आहे, तिच्यातले बरेचसे एकदाच घडते. संहिता नसते, पडदा नसतो, बहुधा पात्रही नसते. एक माणूस, एक जागा, काही वेळ, एवढेच भांडवल. 'सादरीकरण' म्हणावे तर तो शब्द सरकारी कार्यालयांनी केव्हाच पळवला आहे. तो उच्चारला की भिंतीवर तक्ते आणि आलेख दिसू लागतात. तेव्हा आज मी 'परफॉर्मन्स' असेच म्हणेन. टेबल पचवले तसे हेही पचेल.

पण या कलेच्या अगदी जवळचा एक शब्द आपल्या गोव्यात आहे, तो म्हणजे मांड. इथल्या श्रोत्यांना मांड समजावून सांगायला नको, पण हे भाषण पुढे छापले जाणार आहे आणि अकादमीचे वार्षिक इंदूर-बडोद्यालाही वाचले जाते, म्हणून दोन वाक्ये. मांड म्हणजे गावातली ती ठरलेली जागा, जिथे धालो होतात, शिगमा उभा राहतो, जागर होतो. एरवी ते साधे अंगण असते. पौषात रात्री जेवणे उरकून बायका तिथे जमतात, समोरासमोर दोन रांगा धरतात, गात गात पुढे वाकतात, मागे सरतात, आणि तेवढ्या रात्रींपुरते ते अंगण राहत नाही. धालो मांडावरच व्हायचे. रंगमंचावर धालो होतात, सरकारी महोत्सवात तर हमखास होतात, पण ते धालो दाखवणे झाले.

मांडाला दुसरीही बाजू आहे. मांड कोणाचा, पहिला मान कोणाचा, कोणी कुठे उभे राहायचे आणि कोणी बाहेरून पाहायचे, हे सगळे तिथे ठरलेले असते. त्यात जात असते, घराणे असते, वहिवाट असते. गावकारी हक्क कोमुनिदादीत पुरुषाच्या वंशाने चालत आला, हे आपण जाणतोच. मांड ज्याला आत घेतो त्याला आपलेपण विचारावे लागत नाही. माझा आजचा प्रश्न उरलेल्यांचा आहे. ज्याला मांड नाही, ज्याचा मांड सुटला, किंवा ज्याला मांडावर येऊच दिले नाही, त्याने काय करायचे? मला वाटते, ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे त्या कलावंतांनी याच प्रश्नाशी झुंज दिली. त्यांनी स्वतःचे अंगच जमिनीला टेकवले आणि तेवढ्या वेळापुरता मांड उभा केला.

यातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते नाव गोव्यापासून फार दूरचे आहे, आना मेंदिएता. 1948 साली हवानात तिचा जन्म झाला. घर सुखवस्तू आणि राजकारणात वावरणारे. क्रांतीनंतर क्युबातल्या हजारो आईबापांनी आपली मुले एकटीच अमेरिकेला धाडली. चर्चच्या मदतीने चाललेल्या या योजनेला पुढे 'पीटर पॅन' हे नाव पडले. 1961 साली आना आणि तिची थोरली बहीण त्यातून निघाल्या. आना तेव्हा बारा वर्षांची होती. समुद्रकाठच्या उष्ण शहरातून ती थेट आयोवा राज्यात, बर्फात पोहोचली. अनाथालये झाली, परक्यांची घरे झाली. वडील क्युबात राजकैदी होते, ते 1979 मध्ये सुटून आले.

आयोवा विद्यापीठात ती चित्रकला शिकली, आणि मग रंग-कॅनव्हास तिला अपुरे वाटू लागले. 1973 साली मेक्सिकोतल्या यागुल या प्राचीन अवशेषांच्या जागी, एका जुन्या थडग्यात, ती विवस्त्र आडवी झाली आणि अंगावर पांढरी फुले पसरून घेतली. छायाचित्रात फुले तिच्या देहातूनच उगवल्यासारखी दिसतात. इथून तिची 'सिलुएता' म्हणजे छायाकृतींची मालिका सुरू झाली, ती 1980 पर्यंत आयोवा आणि मेक्सिकोत चालली. शंभराहून अधिक आकृती झाल्या. हळूहळू तिने स्वतःला त्यातून काढून घेतले आणि फक्त आपल्या मापाचा ठसा ठेवला. कधी चिखलात दाबलेला, कधी गवतात कोरलेला, कधी बंदुकीच्या दारूने आखून पेटवलेला. एकदा समुद्रकाठी वाळूत आकृती खणून तिच्यात लाल रंग भरला आणि लाटांनी तो नेला. आज आपल्यापुढे आहेत ती छायाचित्रे आणि काही छोट्या फिल्म्स.

मराठीत आपण म्हणतो, जिथे नाळ पुरली तिथला माणूस. मेंदिएताची नाळ एका मातीत होती आणि देह दुसऱ्या मातीत. अशा वेळी आपण लेखक मंडळी काय करतो? स्मृतिकाव्य लिहितो. आजोळची विहीर, माडांची सावली, आजीचा हात. मेंदिएताने आयोवात खोटे क्युबा उभारले नाही. ज्या चिखलात ती होती, त्या चिखलालाच तिने विचारले, तू मला किती वेळ धरून ठेवशील? चिखल दोन दिवस धरी, बर्फ वितळेपर्यंत धरी, लाट एक क्षण धरी. आपलेपणाची ती मुदत तिने लपवली नाही, आणि मला तिच्या कामाची ताकद यातच दिसते.

पण एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. 1980 मध्ये ती क्युबाला जाऊ शकली. 1981 मध्ये हवानाजवळच्या जारुको इथल्या चुनखडीच्या गुहांत तिने स्त्री-आकृती कोरल्या आणि त्यांना ताइनो या आदिवासींच्या देवींची नावे दिली. हे ताइनो लोक स्पॅनिश वसाहतीखाली जवळजवळ नाहीसे झाले. मेंदिएताचे घराणे त्या वसाहतीतून आलेल्या वर्गातले. तेव्हा परत गेल्यावर तिने ज्यांच्याशी नाते जोडले, ते तिचे पूर्वज नव्हते. यावर टीका झाली आहे आणि ती मला रास्त वाटते. दुसऱ्याच्या उजाड मांडावर जाऊन दिवा लावणे आणि तो मांड आपला म्हणणे, यांतला फरक बारीक आहे. ती त्या रेषेच्या कोणत्या बाजूला होती, यावर विद्यार्थ्यांनी जरूर वाद घालावा. 1985 मध्ये न्यूयॉर्कला, छत्तिसाव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. जारुकोच्या आकृतीही पुढे झिजत गेल्या.

देश सोडावा लागला की मांड सुटतो, हे समजायला सोपे आहे. देश तोच, शहर तेच, घरही तेच, आणि एका हिवाळ्यात पायाखालचा मांड सरकतो, हे जास्त अवघड. रुम्माना हुसेन यांच्या बाबतीत तसे झाले. 1952 चा त्यांचा जन्म. मुंबईत त्या चित्रे काढीत होत्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 नंतर त्या नुसत्या चित्रकार राहिल्या नाहीत. आपण या शहरातल्या एक बाई आहोत, असे ज्यांना वाटत होते, त्यांना शहराने एकाएकी नावावरून ओळखायला सुरुवात केली होती.

1995 मध्ये मुंबईच्या एनसीपीएच्या आवारात त्यांनी 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' केले. भारतातल्या या कलेच्या अगदी सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते. पायांत घुंगरू, हातांत मधोमध कापलेली पपई, आणि तोंड 'आ' वासलेले. त्या चालत राहिल्या. तोंडातून आवाज नाही, आवाज फक्त घुंगरांचा.

भाषेच्या अकादमीत बसून या उघड्या तोंडाचा विचार आपण करायला हवा. आपण धरून चालतो की दुःखाला शब्द मिळाले की काम झाले. इथे मुख उघडे आहे आणि भाषा येत नाही. ती किंचाळी आहे, जांभई आहे, की भूक आहे, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. कापलेल्या पपईत लोकांनी स्त्रीदेह पाहिला, जखम पाहिली. मला त्या घुंगरांचे जास्त वाटते. घुंगरू हे आपल्याकडे बैठकीचे, नाचाचे, मांडावरचे भूषण. ते बांधून बाई नुसती चालते आहे, नाचत नाही. मंच आहे, वाद्य आहे, माणसे पाहायला जमली आहेत, फक्त ज्या उत्सवात नाचायचे तो उरलेला नाही. पुढे त्यांना कर्करोग झाला, तरी आजारी देहासह त्या काम करीत राहिल्या. 1999 मध्ये त्या गेल्या.

आता गोव्यात येऊ. निखिल चोप्रा यांचे नाव इथल्या तरुणांना ठाऊक असेल. 1974 साली कोलकात्याला जन्म, कुटुंब काश्मीरचे, कलाशिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि नंतर अमेरिकेत ओहायोला, आणि आता घर गोव्यात. 2014 मध्ये माधवी गोरे आणि रोमँ लुस्तो यांच्यासह त्यांनी इथे 'एचएच आर्ट स्पेसेस' ही कलावंतांची जागा सुरू केली.

त्यांचे 'योगराज चित्रकार' हे सोंग प्रसिद्ध आहे. मी 'सोंग' हा शब्द मुद्दाम वापरतो, बहुरूप्याच्या अर्थाने. चोप्रांचे आजोबा योगराज निसर्गचित्रकार होते. नातू त्यांचा वेष घेतो, एखाद्या जागी ठाण मांडतो, आणि दिवसच्या दिवस समोर दिसेल ते कोळशाने भव्य आकारात रेखाटत राहतो. लोकांसमोर जेवतो, झोपतो, दाढी करतो, वेष बदलतो. 2007 मध्ये हा योगराज श्रीनगरच्या लाल चौकात जाऊन आला. 2017 मध्ये 'डॉक्युमेंटा' या प्रदर्शनासाठी चोप्रा अथेन्सहून कासेलपर्यंत तंबू घेऊन प्रवास करीत गेले. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नऊ दिवस राहिले.

बहुरूपी गावात येतो तेव्हा तो कोण हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी तेवढा वेळ लोक त्याला पोलीस किंवा साधू मानतात. चोप्रांचा योगराज तसाच कुठेही पाहुणा म्हणून येतो. मला त्यात आवडते ते वेळेचे मोल. दोन तास पाहून जागा कळत नाही. तिथे झोपावे लागते, भूक लागावी लागते, हात काळे व्हावे लागतात. एक शंका मात्र राहते. ज्याला संग्रहालये बोलावतात त्याचा तंबू आणि ज्याला रस्त्याकडेला तंबू ठोकण्यावाचून गत्यंतर नाही त्याचा तंबू, हे सारखे कसे? चोप्रांच्या वेषात आजोबांबरोबर साहेबी थाटाचा चित्रकारही असतो. दुसऱ्याचा प्रदेश कागदावर उतरवून घेणाऱ्या त्या नजरेची त्यात थट्टा आहे, असे मी समजतो. पण थट्टा सर्वांना कळते असे नाही.

त्या दुसऱ्या तंबूच्या जवळून येणारे काम अमोल पाटील यांचे आहे. ते मुंबईच्या कामगार वस्तीतले. आजोबा पोवाडे रचणारे, वडील कामगारांच्या आयुष्यावर नाटके करणारे. 2022 च्या 'डॉक्युमेंटा'त आणि 2023 मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्यांचे काम दाखवले गेले. लंडनच्या प्रदर्शनाच्या नावातच त्वचा आणि हालचाल होती. ज्या देहाला शिवायचे नाही असे ठरवले गेले आणि शहर झाडायचे काम मात्र ज्याच्यावर टाकले गेले, त्याचे आपलेपण तो देह कसा चालतो, कसा वाकतो, त्याच्या कातडीवर काय साचते, यात ते शोधतात. पोवाड्याचे घराणे इथे संपले असे कोणी म्हणू नये. डफ गेला, पण आवाज कोणाचा आणि मैदान कोणाचे हा शाहिराचा प्रश्न तोच आहे.

आता आपल्याविषयी. गोव्यातल्या मराठी लेखकाला 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न नवा नाही. 1967 च्या जनमत कौलापासून, 1987 च्या राजभाषा कायद्यापासून, आपण कागदावर, सभेत, मोर्चात त्याचे उत्तर देत आलो. ते देणे भागही होते. पण उत्तर देताना आपणही वंशाचा, वहिवाटीचाच पुरावा काढत गेलो. आमची मंदिरे, आमची जुनी पोथी, आमचे इतके पिढ्यांचे कीर्तन. आणि तोच पुरावा आता शेजारच्या खोलीत राहणाऱ्या विजापूरच्या गवंड्याकडे, ओडिशाच्या स्वयंपाक्याकडे मागितला जातो. 'भायलो' हा शब्द आपल्या तोंडी किती सहज येतो! आपल्या कथेत ही माणसे येतात ती बहुधा घटनेपुरती, गुन्ह्यापुरती.

इथे मला पुन्हा धालोंकडे जावेसे वाटते. त्या दोन रांगांत कोण असते? बहुतेक सुना. दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आलेल्या. त्यांची नाळ इथे पुरलेली नसते, गावकारी हक्क त्यांना नसतो. सासरच्या पहिल्या पौषात नवी सून रांगेत उभी राहते, शेजारणीच्या कमरेत हात घालते, न येणारे गाणे ओठांनी धरते, आणि चार-दोन रात्रींत ते तिच्या अंगवळणी पडते. म्हणजे ज्या मांडाला आपण वंशाची जागा समजतो, तो वर्षानुवर्षे परगावच्या बायकांच्या पायांवर उभा आहे. मेंदिएताने चिखलात आडवे होऊन जे शोधले, ते आपल्या सुनांनी उभ्याने, गाणे म्हणत केले. फक्त कोणी त्याला कला म्हटले नाही, आणि ते कसे घडते हे कोणी नीट लिहूनही ठेवले नाही.

लिहिण्याचे तेवढे बोलून थांबतो. धालोंची गाणी आपण जमवली, छापली. पण देहाचे वर्णन करणारे गद्य मराठीत फार थोडे आहे. रांग कशी धरतात, नवी कुठे उभी राहते, चुकली तर कोण कसे सावरते, म्हातारी कोपऱ्यात बसून काय खुणावते, मांडाबाहेर कोण उभे राहून पाहते आणि किती अंतरावर. विद्यार्थ्यांनो, येत्या पौषात वही घेऊन जा. गाणे ऐकू आले तर उतरवा, पण आधी पाय पाहा. मांडाच्या कडेला कामगारांच्या खोल्यांतल्या बायका मुले कडेवर घेऊन उभ्या असतील, तर तेही लिहा. त्यांतली एखादी रांगेत शिरली, तर ती तारीख टिपून ठेवा.