आखडलेल्या पायांचें वासरूं

ज्यांच्या घरीं दुभतें आहे, त्या श्रोत्यांना हा प्रसंग अपरिचित नसेल. गाय सुखरूप विते, वासरूं अंगानें चांगलें भरलेलें असतें, आई त्याला चाटून कोरडें करते. परंतु उठावयास लागलें कीं त्याचे पुढचे पाय सरळ होत नाहींत. गुडघे वांकलेलेच राहतात, किंवा खुरावरचा सांधा दुमडून वासरूं त्या सांध्यावरच उभें राहूं पाहतें आणि कोसळतें. “पांगळें निपजलें,” असें म्हणून घरचीं माणसें हात झटकतात. हा निकाल बहुधा घाईचा असतो.

पायाच्या मागच्या अंगास ज्या कंडरा असतात, त्यांनाच बोलींत शिरा म्हणतात. गर्भाशयांत वासराला जागा अपुरी पडली म्हणजे पाय घडी करून राहतात व या शिरा आंखूड राहतात. कित्येकदां दोष आनुवंशिक असतो. एकाच वळूच्या अनेक वासरांत तो दिसूं लागला तर वळू बदलणें बरें. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील कुरणांत लुपिन नांवाची वनस्पति उगवते. गाभणपणाच्या ४० ते ७० दिवसांच्या सुमारास गाईनें ती खाल्ली तर वांकड्या पायांचीं वासरें जन्मतात.

पण पायाआधीं पोटाकडे पाहिलें पाहिजे. असें वासरूं पायानें सहसा मरत नाहीं. उभें राहतां न आल्यानें चीक मिळत नाहीं, म्हणून मरतें. रोगाशीं झगडण्याची शक्ति त्याला चिकांतूनच मिळते, आणि ती शोषून घेण्याची आंतड्यांची क्षमता तासातासानें घटत जाऊन सुमारें एका दिवसांत संपते. जार पडेपर्यंत आंचळास तोंड लावूं न देण्याची चाल येथें घातक ठरते. २५ किलो वजनाच्या वासरास पहिल्या सहा तासांत अडीच लिटरपर्यंत चीक बाटलीनें, थोडा थोडा करून, पाजावा. खरवस मागाहून.

मग पाय हातीं घ्यावा. हळू ताणून तो जवळजवळ सरळ होत असेल, तर आशा पुष्कळ आहे. टांच किंचित उचललेली, पण खूर टेकतो, अशा वासरास न घसरणाऱ्या मातीच्या जमिनीवर हिंडूं द्यावें. गुळगुळीत फरशी नको. दिवसांतून चारसहा वेळां पाय हलकेच ताणावा. पुष्कळ वासरें थोड्या दिवसांत सुधारतात.

सांधा दुमडतच असेल तर आधार बांधावा. बांबूच्या गुळगुळीत कामट्या किंवा उभी चिरलेली पीव्हीसी नळी चालते. आधीं पायाभोंवती कापसाचा जाड थर द्यावा, आधार मागच्या बाजूनें ठेवून पट्टी गुंडाळावी, व खूर जमिनीवर टेकेल असें पाहावें. खरें काम बांधण्यापेक्षां सोडण्यांत आहे. पट्टी रोज सोडून कातडी पाहावी. आवळलेली पट्टी पायाचा रक्तप्रवाह अडविते, आणि सोललेल्या जागेंतून सांध्यांत पू शिरला तर बरा होणारा पाय कायमचा जातो. सांधा स्वतः सरळ राहूं लागला कीं आधार काढावा. उगाच ठेवल्यास शिरा सैल पडतात.

ताणूनही पाय हलत नसेल, तर बळ लावूं नये. तेथें पशुवैद्यच हवा. दोष शिरेंत असेल तर तो ती शस्त्रानें कापून सैल करूं शकतो. सांधाच जुळून गेला असेल तर तो तसें स्पष्ट सांगेल.