पंप पदराआड का?
(माजरी येथील महिला मेळाव्यातील भाषण)

माजरीत कोळशाची धूळ घरात शिरते. मला लहानपणापासून दमा. सोयरीक मोडेल म्हणून आईनं माझा पंप पदराआड दडवला.

आज आपल्या मुली मैदानावर उतरतात. त्यांच्यासाठी सांगते. साल्ब्युटामॉलचा पंप 24 तासांत 1600 मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, 8 तासांत 600च्या वर नाही. त्याच औषधाची गोळी मात्र बंदीत. मधुमेहाचं इन्सुलिन बंदीत. चेहऱ्यावरच्या केसांसाठी देतात ते स्पायरोनोलॅक्टोनही बंदीत.

आजार खरा असेल तर उपचारासाठी सूट मिळू शकते. देशातल्या स्पर्धांसाठी 'नाडा'कडे किमान 30 दिवस आधी अर्ज करायचा, डॉक्टरांचे कागद जोडायचे.

पण आजारच लपवला तर कागद कुठून येणार? लेकीचा आजार ही लाज नव्हे. तिचे कागद जपून ठेवा.