संगणकावरील दस्तऐवज आणि परवान्याच्या अटी



सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून उपजीविकेसाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली आहेत. त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, रहिवासाचा पुरावा हे कागद त्यांना सुरतेतही दाखवावे लागतात आणि गावाकडेही. पूर्वी असे कागद ट्रंकेत जपले जात. आता ते पुष्कळदा पीडीएफ फाईलच्या रूपाने मोबाईलमध्ये असतात. म्हणून अशा फाईली ज्या आज्ञावलीने, म्हणजे सॉफ्टवेअरने, तयार होतात व वाचल्या जातात, तिच्या परवान्याच्या अटी समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

घराचा भाडेकरार वाचल्याखेरीज सही न करणारा मनुष्यही संगणकावरील ‘मान्य आहे’ ही कळ निःशंकपणे दाबतो. वस्तुतः तोही एक करारच होय. सुरतेच्या बाजारातून घेतलेली साडी घेणाऱ्याच्या मालकीची होते. ती कोणासही देता येते. आज्ञावलीचे तसे नाही. मूल्य देऊन बहुधा मिळतो तो केवळ वापराचा परवाना. किती संगणकांवर, कोणी व कोणत्या कामासाठी वापर करावा, हे त्यात लिहिलेले असते.

फाईल पाहणे आणि ती तयार करणे यांतील भेदही ध्यानी घ्यावा. पीडीएफ हे स्वरूप ॲडोबी कंपनीने १९९३ साली आणले व २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. स्वरूप खुले झाले, तरी ते हाताळणारी प्रत्येक आज्ञावली खुली झाली असे नव्हे. वाचण्याची आज्ञावली विनामूल्य असली, तरी फेरफार करणाऱ्या आज्ञावलीस बहुधा मूल्य पडते. काही आज्ञावल्या केवळ घरगुती वापरापुरत्या विनामूल्य असतात. पैसे घेऊन अर्ज टंकून देणारा दुकानदार अशी आज्ञावली वापरू लागला, तर तो अटींचा भंग ठरतो.

मराठी अक्षरांचा प्रश्न आणखी निराळा आहे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडल्यास अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. फॉन्ट फाईलमध्येच अंतर्भूत करणे हा त्यावर उपाय. परंतु तशी अनुमती सर्वच फॉन्टच्या परवान्यात नसते. सुरतेत टंकलेला दाखला जळगावच्या कार्यालयात वाचता आला नाही, तर खोळंबा होतो तो विद्यार्थ्याचा.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक आज्ञावलीचा समावेश ‘साहित्यकृती’त झाला. १९९४ च्या दुरुस्तीनुसार, बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी किंवा लाभासाठी नसेल, तर न्यायालय कारावास न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. याउलट, रीतसर प्रत बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्याच्या भीतीने राखीव प्रत ठेवण्याची मुभा आहे.

तथापि, मूल्य परवडत नाही म्हणून अडून बसण्याचे कारण नाही. लिबरऑफिससारखी मुक्त आज्ञावली शाळेत, कार्यालयात व दुकानातही विनामूल्य वापरता येते आणि तिच्यातून पीडीएफही करता येते. भारत सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले आहे. ‘लोहित’ व ‘मुक्ता’ हे देवनागरी युनिकोड फॉन्टही मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून ते फाईलमध्ये अंतर्भूत करता येतात.

‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द मात्र एक मानू नयेत. फाईलचे रूपांतर फुकट करून देणाऱ्या संकेतस्थळावर दाखला वा ओळखपत्र चढविले, की त्याची प्रत परक्याच्या हाती जाते. ती किती काळ राहील, हे त्याच अटींत शोधावे लागते.

तेव्हा मान्यतेची कळ दाबण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : वापर कोणत्या कामासाठी, किती संगणकांवर, किती मुदतीपर्यंत, आणि फाईलवर इतरांचा अधिकार किती. अटी इंग्रजीत असल्यास शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी त्या मराठीतून समजावून द्याव्यात. दाखला ज्याचा आहे, त्याच्या हाती तो निर्वेधपणे राहावा, एवढ्यासाठीच ही दक्षता.